कॉन्ट्रा कोस्टा काउंटीतली जुनी कब्रस्तानं: रोझ हिलला जाताय तर आधी हे वाचा

बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहणाऱ्या आणि जुन्या गोष्टींची आवड असणाऱ्यांसाठी लिहितेय. ऑनलाइन एक यादी फिरतेय, ‘काउंटीतल्या पायोनियर (इथे पहिल्यांदा येऊन वसलेल्या) लोकांच्या खुणा एका दिवसात’. ती बघून आम्ही निघालो आणि ती यादी साफ चुकीची आहे. लिहिणारा तिथे गेलाच नसावा. त्यात ब्लॅक डायमंड माइन्सला (जुन्या कोळशाच्या खाणींचा पार्क, रोझ हिल कब्रस्तान इथेच आहे) ‘घोस्ट टाऊन, सोपा वॉक, मुलांना घेऊन जा’ असं लिहिलंय. टाऊन नाहीये, आणि पाऊस पडून गेला असेल तर वॉक सोपा अजिबात नाही.

अँटिऑकच्या दक्षिणेला समरव्हिल रोड संपतो तिथे पार्किंग आहे. 1860 नंतर या डोंगरात कोळशाच्या खाणी निघाल्या आणि नॉर्टनव्हिल, समरव्हिल, स्ट्युअर्टव्हिल, वेस्ट हार्टली, जडसनव्हिल अशी पाच गावं उभी राहिली. जवळजवळ 40 लाख टन कोळसा निघाला. मग खर्च वाढत गेला, वॉशिंग्टन राज्याकडचा चांगला कोळसा यायला लागला आणि लोक घरं सुटी करून, लाकडं गाड्यांवर घालून दुसऱ्या गावांना निघून गेले. त्यामुळे आज एक भिंतसुद्धा दिसत नाही. गाव कुठे होतं ते झाडांवरून ओळखायचं. मोकळ्या टेकडीवर मध्येच पेपर ट्री, बदाम, निलगिरी, ब्लॅक लोकस्ट दिसले की समजा तिथे वस्ती होती, कारण ही झाडं खाणवाल्यांनी आणलेली आहेत. हे कळलं की फिरायला मजा येते, नाहीतर नुसतं गवत बघून परत याल. आणि हो, त्या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून इथे बे मिवोक हे मूळचे आदिवासी लोक राहत होते, यादीत त्यांचं नावही नाही याचा मला खरंच राग आला.

आता तो रस्ता. पार्किंगवरून वर बघितलं की सायप्रसची उंच झाडं दिसतात, तेच रोझ हिल कब्रस्तान. नॉर्टनव्हिल ट्रेल तिकडेच जातो, चढ खडा आहे पण लांब नाही, रोज चालणाऱ्याला काहीच वाटणार नाही. खरा त्रास मातीचा. इथली माती चिकण, पाणी प्यायली की फुगणारी, मराठवाड्यात ज्याने पावसाळ्यात काळं रान तुडवलंय त्याला लगेच कळेल, दर पावलाला बुटाखाली एक थर चढतो, मग दुसरा, मग पाय उचलतच नाही आणि उचलला तर घसरतो. कब्रस्तानाच्या पुढे नॉर्टनव्हिलच्या खिंडीकडचा तुकडा तर भयंकर, वरून गुरांनी तुडवून ठेवलेला. उतरताना आम्ही रस्ता सोडून कडेच्या गवतातून उतरलो तेव्हा कुठे पाय टिकले. पावसानंतर निदान तीन-चार दिवस तरी थांबा. चांगले ग्रिपवाले बूट आणि काठ्या असल्या तरी थांबा. खिंडीपलीकडे नॉर्टनव्हिलच्या जागी बघायला फार काही नाहीये, ओल्यात तिकडे जाऊच नका. उन्हाळ्यात उलटं, सावली नाही, पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जातो, रॅटलस्नेक असतात, पाणी भरपूर न्या.

पण रोझ हिल चुकवू नका. दोनशेच्या वर माणसं इथे आहेत, बहुतेक वेल्श खाणकामगारांची कुटुंबं. 1876 च्या जुलैमध्ये नॉर्टनव्हिलच्या खाणीत स्फोट झाला, त्यात गेलेले इथेच आहेत. आणि लहान मुलं, खूप लहान मुलं. घटसर्प, देवी, टायफॉइड, स्कार्लेट फीव्हर. दगडावर वय वर्षं, महिने, दिवस असं कोरलेलं वाचताना मला पुढे जाववेना.

सॅरा नॉर्टन पण इथेच. नॉर्टनव्हिल वसवणाऱ्या नोआ नॉर्टनची बायको आणि गावची सुईण, तिच्या हातून 600 च्या आसपास बाळंतपणं झाली असं सांगतात. ऑक्टोबर 1879 मध्ये एका बाळंतपणाला निघालेली असताना घोडागाडीतून फेकली गेली आणि तिथेच गेली. तेव्हा ती 68 वर्षांची होती. आणि नेटवर शोधाल तर तिचं भूत! रात्री लोक येऊन दंगा करतात, कितीतरी दगड फोडले, चोरून नेले. मला हे चीड आणणारं वाटतं. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं जगात आणली तिच्यावर भुताच्या कहाण्या कशाला. दिवसा जा, दगडावर खडू-कागद घासू नका, पडलेला तुकडा दिसला तर हात न लावता पार्कवाल्यांना सांगा.

बाकीच्या जागा थोडक्यात. ब्रेंटवुडला जॉन मार्श या सुरुवातीच्या रँचवाल्याचं दगडी घर, 1841 मध्ये बार्टलसन-बिडवेलचा स्थलांतरितांचा तांडा त्याच्याच रँचवर येऊन थांबला होता. 1856 मध्ये घर पूर्ण झालं आणि त्याच वर्षी मार्टिनेझच्या वाटेवर त्याचा खून झाला. घर एरवी बंद असतं, मुद्दाम जाऊ नका, आणि त्याची कबर तिथे नाही, ती ओकलंडच्या माउंटन व्ह्यूमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्या काउंटीत. यादीने लोकांना उगाच ब्रेंटवुडला पाठवलंय.

मार्टिनेझचं अल्हांब्रा कब्रस्तान मात्र जरूर बघा, सामुद्रधुनीच्या वर, जोसेफ वॉकर हा जुना वाटाड्या तिथे आहे, 1833 मध्ये योसेमिटीपाशी तळ टाकल्याचं त्याच्या दगडावर कोरलंय. फाटकाला कुलूप असतं! चावी मार्टिनेझ पोलिसांकडून ओळखपत्र ठेवून मिळते, निघायच्या आधी फोन करून विचारा, नाहीतर जाळीबाहेरून बघून परत. निसर्गलेखक जॉन म्यूरचं घर जवळच आहे, ते छान आहे, सगळ्यांना माहीत आहे.

अँटिऑक आणि मार्टिनेझ एका दिवसात करू नका. रोझ हिलला सकाळी लवकर पोचा आणि कब्रस्तानात निदान तासभर तरी ठेवा, वाचायला तेवढा लागतोच.