बिनपाटीची आमरी

रविवार, रात्र

आज सकाळी रातांब्यावरची आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलली. सीतेची वेणी नावाची आमरी नाही ती.

एवढं लिहून मघाशी वही मिटली होती. पडल्या पडल्या तासभर पंख्याकडे बघत राहिले, झोप काही येईना, म्हणून पुन्हा पडवीत येऊन बसले आहे. दिवसभर रातांबे फोडले, बोटं अजून लाल आहेत आणि वहीच्या कडेला त्याचे डाग पडताहेत. पडू देत.

सकाळी शिपणं करायला गेले तेव्हा लांबूनच दिसलं की दांड्याच्या टोकाला काहीतरी काळपट बसलं आहे. आधी माशी वाटली. जवळ गेले तरी ती उडेना. पेरापेक्षाही लहान फूल. पाकळ्या पिवळट, त्यांवर तांबूस रेघा, आणि मधली ओठाची पाकळी वाळल्या आमसुलाच्या रंगाची, मखमलीसारखी, तिला फिकट पिवळी किनार. हुबेहूब मधमाशीचं पोट. कुणालाही हात लावून बघावंसं वाटेल असं. मला वाटलं नाही. हातातली बादली खाली ठेवली आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि हे पाणी कशाचं, ते मला आत्तापर्यंत नीट कळलेलं नाही.

पाच वर्षं पुरी व्हायला महिना राहिला आहे. तीन जून २०२०. निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूला किनाऱ्याला लागलं म्हणतात, पण आंजर्ल्यात ते लागलं नाही असं कोण म्हणेल? संध्याकाळी वारा पडला आणि आम्ही वाडीत उतरलो तर वाडीत आभाळ उतरलेलं. जिथे कधी ऊन पोचत नव्हतं तिथे लख्ख उजेड. पोफळी एकावर एक, काड्यापेटी सांडल्यासारख्या. विहिरीकडचा फणस मुळासकट आडवा. तो नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, आजोबांनी लावलेला. नाना त्याच्या बुंध्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, कोयती आण, वरच्या फांद्यांवर बघायला हवं. त्यांना नुकसान मोजायचं नव्हतं. आमऱ्या शोधायच्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं पडलेल्या झाडांवरून फिरलो. वीज नव्हती, फोन नव्हते, बाहेरून कुणी येण्यासारखं नव्हतं. उभ्या झाडावरची आमरी नानांनी आयुष्यात कधी काढली नाही, पण आता झाडंच जमिनीवर होती. गडी म्हणत होता, ही बांडगुळं कशाला गोळा करताय, बरी गेली. नाना एवढ्या पडझडीतही त्याला खाली बसवून दाखवत होते. हे बघ, बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवतं, रस ओढतं. ही नुसती धरून बसते. हिची मुळं वरून पांढरी दिसतात ना, ते स्पंजासारखं असतं, पाऊस पडला की पिऊन हिरवं होतं. झाडाचं काही घेत नाही ही. गडी मान हलवत होता, पण पुढे आंबे साफ करताना त्याने आमऱ्यांना कोयती लावली नाही, हे खरं.

त्या फणसावरची ही. तिला फांदीवरून सोडवली नाही, फांदीच दीड हात कापून घेतली. काथ्याने रातांब्याच्या झाडाला बांधली. फणसाचं लाकूड, त्यामुळे तो तुकडा अजून कुजलेला नाही. आणि बांधताना नाना म्हणाले,

"अगो, ही सीतेची वेणी. ही तुझ्या वाट्याची."

हे वाक्य मी पाच वर्षं बाळगलं आहे. किती जणांना सांगितलं असेल. धाकटीला सांगितलं, शेजारच्या वहिनींना सांगितलं, नाना गेले त्या दिवसांत आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात विहिरीवरच्या आंब्यावर सीतेची वेणी फुलली होती, हातभर लांब, खाली लोंबणारी, शंभरावर तरी फुलं एका तुऱ्याला, पांढरी, जांभळट ठिपक्यांची. मी नानांना म्हटलं होतं, एक तुरा काढून द्या, माळते. ते म्हणाले, काढू नये, पण तुझी वेगळी देईन. आसामात कपौ फूल म्हणतात तिला, बिहूत नाचणाऱ्या मुली केसांत माळतात, तिथलं राज्यफूलच आहे ते, असं सगळं सांगत बसले, फूल मात्र दिलं नाही. मग ते राहूनच गेलं. म्हणून त्या वाक्याला एवढी किंमत.

आणि आज ती माझ्या वाट्याची वेणी म्हणजे ही पेराएवढीही नसलेली माशी.

वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं याचंच दिवसभर जास्त वाईट वाटत राहिलं. जिने वादळ काढलं, फणस गेला तरी फांदीच्या तुकड्यावर जी जगली, जिने पाच पावसाळे घेऊन पहिलं फूल काढलं, तिच्याकडे बघून मी पहिल्यांदा काय केलं, तर तोंड वाकडं केलं. झाडाला काय कळतं, असं कुणी म्हणेल. मला तर कळतं.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. फेब्रुवारीत दांडा निघाला तेव्हाच. सीतेच्या वेणीचा तुरा निघाल्यापासून खाली झुकतो, तिची पानं जाड, मांसल, पन्हळीसारखी. हिची पानं अरुंद. आणि दांडा माडाच्या हिरासारखा बारीक, वर निघाला, लांबत गेला, मार्चमध्ये हातभर झाला, त्याला फाटे फुटले. रोज शिपताना बघत होते आणि रोज मनाला सांगत होते की कळ्यांचं वजन आलं की वाकेल. गुढीपाडव्याला बोलून पण दाखवलं, वाकेल. आई, माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. कळ्या टोकाशी चार-पाच, तांदळाएवढ्या. त्यांचं वजन कसलं येणार? डोळ्यांसमोर असलेलं दिसू नये इतकी मी त्या एका नावाला चिकटले होते.

दुपारी दापोलीच्या सरांना फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर. कॉटोनिया पेडंक्युलॅरिस, आणि पुढे अभिनंदन. मग त्यांनी फोनच केला. कॉटोनिया या कुळीत ही एकच जात आहे, म्हणाले, दुसरी बहीण नाही हिला. आपला दख्खनचा भाग आणि श्रीलंका, एवढंच तिचं घर. कॉटन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यावरून नाव, आणि पेडंक्युलॅरिस म्हणजे दांडा असलेली, लांब दांड्याची. ज्या दांड्याकडे बघून मी दोन महिने डोळे मिटत होते तोच तिच्या नावात आहे. आणखी एक सांगितलं सरांनी. लिंडली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये तिला पहिल्यांदा नाव दिलं तेव्हा वांडात घातलं होतं, म्हणजे आपल्याकडे जिला रास्ना म्हणतात तिच्या कुळीत. वेगळी कुळी नंतर मिळाली. सरांना फार आनंद झाला होता, पुढच्या आठवड्यात बघायला येतो म्हणाले. मी या म्हटलं. माझ्या आवाजात आनंद नव्हता हे त्यांना कळलं असणार.

पण लिंडलीची चूक फुलाची होती. माझी वेगळी आहे, आणि ती मला झोपू देत नाहीये.

नानांचा एक नियम होता. पाटी फुलाआधी नाही. जुन्या डब्यांची झाकणं कापून त्यांनी पट्ट्या केल्या होत्या, खिळ्याने ओरखडून अक्षर काढायचे. तीन ओळी. पहिलीत नाव, दुसरीत कुठल्या झाडावर मिळाली ते, तिसरीत फूल कधी पाहिलं ते. तिसरी ओळ भरता येत नसेल तर पट्टीच कापायची नाही. पानावरून तर्क करणाऱ्या माणसांवर ते चिडायचे. कुणी बागेत येऊन ही अमुक ना, असं विचारलं की म्हणायचे, फुलेल तेव्हा तीच सांगेल, मला विचारू नका. इतकी वर्षं हेच ऐकलं.

मग हाच माणूस, फूल नाही, कळी नाही, नुसत्या पानांचा झुबका, आणि म्हणेल ही सीतेची वेणी?

संध्याकाळपासून हेच चाललं आहे डोक्यात. एक तर त्यांनी पान बघून चूक केली. नानांनी, सीतेच्या वेणीचं पान? अंधारात हाताने ओळखतील ते. किंवा त्या दिवसांतच त्यांचं ते विसरणं सुरू झालं होतं आणि आम्हाला पुढच्या वर्षी दिवाळीत कळलं. किंवा त्यांना ठाऊक होतं की ही ती नाही आणि समोर वाडी आडवी झालेली, मी रडत होते, म्हणून म्हणाले. किंवा...

किंवा ते म्हणालेच नाहीत.

हे लिहायला फार वेळ लागला. मी ते वाक्य इतक्यांदा सांगितलं आहे की आता मला त्यांचा आवाज ऐकू येत नाही, माझाच येतो. काथ्या बांधत होतो हे आठवतं. हाताला चिखल होता. त्यांचा सदरा खांद्यावर उसवला होता. ते "बघू" म्हणाले का? "फुलली तर तुझी" असं म्हणाले का? मीच विचारलं असेन, सीतेची वेणी का हो ही, आणि त्यांनी मान हलवली असेल? की नुसता काथ्या ओढला? गेलेल्या माणसाचं एक वाक्य जपावं आणि ते त्याचं होतं की आपलं, हेच कळू नये. कुणाला विचारू? तिथे आम्ही दोघंच होतो.

शेवटी आईंनाच घेऊन गेले दाखवायला. दिवेलागणीच्या आधी, उजेड होता तोवर. गुडघ्यामुळे त्या वाडीत हल्ली उतरत नाहीत, पण आल्या. बराच वेळ बघितलं आणि पदराने हाकलायला गेल्या.

"माशी बसल्ये हो त्याच्यावर."

"आई, फूलच आहे ते."

मग वाकून बघितलं. हसल्या. नाना गेल्यापासून वाडीत त्या हसल्याचं मला आठवत नाही. माशी तर माशी, म्हणाल्या, छान आहे की. मी त्यांना सगळं सांगितलं, ते वाक्य, पाटीचा नियम, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मलाही दिली होती एक, सीतेची वेणी म्हणून. लग्नाच्या वर्षी. फुलली तेव्हा बारकी पांढरी निघाली, पानं नसलेल्या काडीवर."

"मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हणायचं? सुंदर होती." थोडं चालल्यावर थांबल्या. "की ती भाऊंनी आणलेली? आता नाही गो आठवत नक्की."

एवढंच. मी पुढे विचारलं नाही. त्यांचा हात धरून पाटाच्या कडेने वर आणलं.

आता लिहिताना एक लक्षात येतं. पांढरी फुलं पानं झडलेल्या काडीवर आली म्हणजे ते डेंड्रोबियम नावाचं ऑर्किड असणार, थंडीच्या अखेरीला फुलतं ते. विहिरीमागच्या रायवळ आंब्यावर अजून आहे. त्याला नानांची पाटी आहे, मी स्वतः कितीदा पुसली आहे ती. दुसऱ्या ओळीत झाड लिहिलेलं नाही. दुसऱ्या ओळीत आईंचं माहेरचं नाव आहे. मला ते आजवर कुणी आणून दिलं त्याचं नाव वाटत होतं.

भाऊंनी आणलेली नव्हती तर.

यातून माझ्या वाक्याचं काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी पडवीत बसल्या बसल्या छातीवरचं काहीतरी थोडं हललं. म्हणाले असतील. नसतील म्हणाले. ती मात्र त्यांनी माझ्याबरोबर बांधली, काथ्याची एक बाजू माझ्या हातात होती, एवढं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, एवढं घडलं आहे. आणि तिला वेणी व्हायचं होतं असं तिने कधी सांगितलं होतं?

सोमवार, सकाळ

पहाटे उठून परत बघून आले. दुसरी कळी उघडली आहे. वास घेतला, काही जाणवला नाही. उन्हं वर येईपर्यंत तिथेच बसले होते. कालच्यापेक्षा रंग उजळ वाटला, की मीच नीट बघितलं, कोण जाणे. ओठाची किनार इतकी बारीक की शिवणात दोरा भरावा तशी.

धाकटीला फोटो पाठवला. तिचं उत्तर, ही कोण? मे महिन्यात येणार का, ते मी विचारलं नाही.

बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापलं. नानांची कात्री अजून चालते. खिळ्याने ओरखडणं वाटतं तितकं सोपं नाही, 'क' वाकडा आला. पहिल्या ओळीत कॉटोनिया, आणि खाली जागा होती म्हणून आईंचं 'माशी'. तिसऱ्या ओळीत कालची तारीख. दुसऱ्या ओळीत विहिरीकडचा फणस लिहिलं आणि मग त्याच्यापुढे, अगदी लहान अक्षरात, माझं नाव.

भाऊजी पंधरा तारखेला येताहेत, मोजणीवाल्यांना घेऊन. रातांबा कुणाच्या बाजूला जाईल ते अजून ठरायचं आहे. म्हणून पाटी झाडाला ठोकली नाही. फणसाच्या त्या तुकड्यालाच तांब्याच्या तारेने बांधली, आणि काथ्या जुना झाला होता, तोही नवा घातला.