प्रवरेच्या पुलावरून हरेगावला

राहुरी मागे पडली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. पुढे मरियामातेची तसबीर ठेवलेली फुलांनी मढवलेली गाडी, मागे टाळ-मृदंग आणि त्यांच्यामागे आम्ही. हातात जपमाळ, ओठांवर अभंगाच्या चालीतलं भजन. 8 सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन. त्याच्या आसपास श्रीरामपूरजवळच्या हरेगावात, संत तेरेजा चर्चमध्ये, मतमाउलीची, म्हणजे मरियामातेचीच, यात्रा भरते. नगर, नाशिक, मराठवाड्यातून लोक येतात, कितीतरी पायी. बाप्तिस्मा घेतल्यानंतरची ही माझी पहिलीच यात्रा.

मी नेवासे तालुक्यातली, मराठ्याच्या माळकरी घरातली. आजोबांनी हयातभर पंढरीची वारी केली. त्यामुळे पायी चालणं, मुक्काम, पंगत, एकमेकांच्या पाया पडणं यातलं काहीच मला नवीन नव्हतं. नवीन होती ती माणसं.

देवळाली प्रवराच्या अलीकडे एक मावशी माझ्या जोडीला आल्या. नऊवारी, कपाळ मोकळं, गळ्यात क्रूस. “कोणत्या गावची गं पोरी?” मी गाव सांगितलं. “आडनाव?” तेही सांगितलं. आमच्या भागात आडनाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. मावशी बराच वेळ नुसत्याच चालत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमी तुमच्याच गावाशेजारचे. माझा बाप तुमच्याकडं सालानं होता का काय, कुणास ठाऊक.”

ऊन चढलं तसं आम्ही लिंबाखाली टेकलो. मावशींनी फडकं सोडलं आणि बाजरीची अर्धी भाकरी, वर ठेचा, माझ्या हातावर ठेवला. आमच्या घरी मळ्यात कामाला येणाऱ्यांची कपबशी ओसरीच्या कोनाड्यात वेगळी असायची. तुकोबांचे अभंग पाठ असलेलं घर, आणि तरी ती कपबशी तिथेच होती. मी येशूकडे वळले ते एका गोष्टीमुळे: तो जकातदारांच्या आणि पापी ठरवलेल्यांच्या पंगतीला जाऊन बसतो आणि त्यासाठी लोकांचे बोल ऐकून घेतो. ईस्टरच्या आदल्या रात्री डोक्यावर पाणी पडलं तेव्हा मी ख्रिस्ताची झाले, यावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. बायबलमध्ये संत पौल म्हणतो ती ‘नवी उत्पत्ती’ मात्र पहिल्यांदा अंगाला जाणवली ती त्या लिंबाखाली. मी मावशींची भाकरी खाल्ली आणि त्यांच्याच तांब्यातलं पाणी प्यायले.

या रस्त्यावर नारायण वामन टिळकांची आठवण निघतेच. चित्पावन ब्राह्मण घरातला हा कवी 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, पुढे नगर-राहुरीकडे राहिला, आणि ख्रिस्ताची भजनं, अभंग आपल्याच चालींत लिहीत गेला. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते सांगत. लक्ष्मीबाई नवऱ्यामागे लगेच गेल्या नाहीत. सोवळं-ओवळं, शिवाशीव त्यांच्या मनातून आधी गेली आणि मग 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

बेलापूरला प्रवरेच्या पुलावर पाणी तांबूस, दुथडी होतं. हीच नदी खाली आमच्या नेवाशाला जाते, जिथे खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. मी पुलावर थांबून हात जोडले. कुणी तरी म्हणालं, “आता हे कशाला?” मावशीच उत्तरल्या, “राहू दे की. तिचं माहेर आहे ते.”

श्रीरामपूरनंतर दोन्ही बाजूंना ऊस. हरेगाव हे बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मेणबत्त्या, नारळ, नवसाला आलेली बाळंतीण, पाळण्यांकडे ओढणारी पोरं. मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, बिशपांनी काय सांगितलं ते माझ्यापर्यंत नीट पोचलं नाही, गर्दीच तेवढी. पण ‘शांती असो’ म्हणत मावशींनी माझे दोन्ही हात धरले, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

ख्रिस्ती झालं की जात पुसली जाते, असं मी म्हणणार नाही. लग्न जुळवताना ती चर्चमध्येही डोकावते. त्याहून एक गोष्ट मला टोचते. मावशींचा नातू बारावी झालाय, हुशार आहे. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच. गाव त्याला अजून जुन्याच नावाने ओळखतं आणि सरकारदरबारी तो त्या जातीचा नाही. माझ्या बाप्तिस्म्याने असं माझं काहीच गेलं नाही. आमची जमीन तीच, गावातला मान थोडा कमी झाला इतकंच. त्या कुटुंबाने येशूचं नाव घेण्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे, आणि मी त्यांच्यात काल आले.

परतताना मावशींनी सांगितलं की दर 10 ऑगस्टला, तो आदेश निघाला त्या दिवशी, त्यांच्याकडचे लोक काळी फीत लावून निषेध करतात. येत्या ऑगस्टला मी त्यांच्यासोबत उभी राहणार आहे, माझं आडनाव सांगूनच.