तुम्ही विचारलंत म्हणून: राफेल सोडून डकोटा कशाला?

आमच्याकडे आलेला पाहुणा चहा होईपर्यंत एक गोष्ट हमखास विचारतो. "अहो, राफेल, सुखोई उडून राहिले, अन् तुम्ही हे जुन्या विमानांचे धुरकट फोटो काय गोळा करत बसता?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगतो.

राफेलचे फोटो काढायला माणसांची कमी नाही. वायुसेनानगरात सूर्यकिरणचा शो असला की मीही मान दुखेस्तोवर वर बघतो, नाही असं नाही. पण मला हवा असतो तो घरगुती अल्बममधला फोटो. काका-काकू ऐटीत उभे आणि मागे विमान चुकून आलेलं. काकांनी नेमका शेपटीवरचा नंबर झाकलेला असतो. सगळेच काका झाकतात.

नागपुरातल्या जुन्या अल्बममधून विमान निघालं तर ते बरेचदा डकोटा असतं, दोन इंजिनांचं जुनं विमान. त्याचं कारण टपाल. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर जमायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासीही एकमेकांत बदलून घ्यायची अन् उजाडेपर्यंत आपापल्या गावी परत. म्हणजे वर्धा रोडवर सामसूम असायची तेव्हा देशाची पत्रं इथे हात बदलत होती.

तुम्ही म्हणाल, हे तर टपालाचं विमान, त्यात लष्करी काय? फोटोत विमानाची डावी बाजू बघा. पंखाच्या मागे दोन फळ्यांचं रुंद दार दिसलं की समजायचं, हे मुळात महायुद्धासाठी बनलेलं, जीप आत चढवता यावी म्हणून. नुसत्या प्रवासी विमानाला एवढं दार लागत नाही. युद्ध संपल्यावर अशी विमानं स्वस्तात निघाली, मुलकी कंपन्यांनी घेतली, अंगावर व्हीटी अक्षरांचा नवा नंबर चढला. दार मात्र तेच राहिलं.

अशाच एका फोटोत डावं इंजिन पांढऱ्या धुरात बुडालेलं आहे. घरचे सांगत, "तेव्हा आग लागली होती, आजोबा थोडक्यात वाचले." टपालखात्यातल्या एका निवृत्त गृहस्थांना तो दाखवला तर ते खो खो हसले. "आग कसली! रोजचंच होतं ते." खरंच आहे. या इंजिनाचे सिलिंडर गोलाकार मांडलेले असतात. विमान उभं राहिलं की तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं आणि सुरू करताना ते भकाभका जळतं. घरच्यांना मी हे सांगितलं, तर त्यांचे चेहरे पडले. आजोबांचा पराक्रम गेला ना!

दुसरा आवडता फोटो पॅकेटचा, म्हणजे हवाई दलाच्या एका जुन्या मालवाहू विमानाचा. मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे हवाई दलातून निवृत्त झालेली पुष्कळ मंडळी नागपुरात भेटतात. त्यांच्यापैकी एकांकडे हा होता. मागून दोन शेपट्यांचं धूड आणि पाठीवर पिंपासारखं काहीतरी. घरातली पोरं त्याला पाण्याची टाकी म्हणत. ते असतं जेट इंजिन, ऑर्फियस, नॅट या छोट्या लढाऊ विमानात बसायचं त्याच जातीचं. विरळ हवेत मूळच्या दोन इंजिनांचा जोर कमी पडतो, म्हणून हे तिसरं. 1962 साली स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट लडाखात दौलत बेग ओल्डीला उतरवलं, 16,000 फुटांहून अधिक उंचीवर. आपल्या लोकांना हे नाव फारसं ठाऊक नसतं, याची मला चीड येते.

आठवणींवर मी आंधळा विश्वास ठेवत नाही. लोकांच्या लेखी प्रत्येक जेट 'मिग' असतं; दाखवायला काढतात तेव्हा हंटर नावाचं दुसरंच लढाऊ विमान निघतं. पण फोटोलाही सगळं सांगता येत नाही. तो धूर कशाचा, हे त्या रात्री तिथे उभा असलेला माणूसच सांगणार. ही माणसं आता नव्वदीला टेकली आहेत, म्हणून माझी घाई. राफेल अजून बरीच वर्षं उडेल.

तुमच्याकडे असा अल्बम असेल तर फोटो पानावरून सोलू नका, पानासकट आणा. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. आणि शक्यतो काकांनाही सोबत आणा.