तुम्ही विचारलंत म्हणून: युरिया येईपर्यंत टॉनिक मारू का?

श्रावण लागला की गावाकडून फोन सुरू होतात. आमचं गाव मावळात, सगळी इंद्रायणीची खाचरं, आणि मी झाडांच्या संजीवकांवर, म्हणजे हार्मोन्सवर, शिकलोय हे घरात सगळ्यांना माहिती, त्यामुळे मामा, आत्याचे मिस्टर, शेजारचे दादा, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच. भात खालून पिवळा पडलाय, फुटवे थांबलेत, युरिया मिळत नाहीये, दुकानात म्हणतात तोवर टॉनिक मारा, मारू का? फोनवर मी "नको" म्हणतो आणि कारण सांगायचं राहून जातं, आणि खरं तर ते कारणच मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून आज नीट बसून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मामाच्या खाचरातून मी दोन चूड, म्हणजे भाताच्या रोपांचे झुबके, उपटले होते. एक बांधाकडचा, जिथे उकिरड्याचं पाणी झिरपत येतं, आणि एक मधला. ओहोळावर नेऊन मुळांची माती हळूहळू धुतली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. बांधाकडच्याला सतरा फुटवे, मुळं आखूड पण दाट, नुसता झुबका. मधल्याला सहाच फुटवे, खालची पानं शेंड्याकडून पिवळी होत आलेली, वरचं पान मात्र चांगलं हिरवं, आणि मुळं बारीक बारीक पण लांब, पहिल्याच्या दीडपट तरी. मामा म्हणाला, उपाशी असून मुळं वाढवायला ताकद कुठून आली? हाच प्रश्न बरोबर आहे. झाड दमलेलं नसतं, त्यानं हातात होतं तेवढं मोजून वेगळ्या ठिकाणी लावलेलं असतं, आणि हा सगळा हिशोब संजीवकांमार्फत चालतो.

त्यातलं मुख्य संजीवक सायटोकायनिन. मुळांना नत्र, म्हणजे युरियातून मिळतं ते नायट्रोजन, मिळत असेल तर तिथे हे तयार होतं आणि पाण्याबरोबर वर चढतं, म्हणजे वरच्या पानांना आणि डोळ्यांना मिळणारा निरोपच असतो की खाली माल आहे, वाढा. भाताच्या खाचरात नत्र बहुतेक अमोनियमच्या रूपात असतं, मूळ ते घेऊन त्याचं ग्लुटामिन बनवतं, आणि सायटोकायनिन बनवणारा एक जीन या ग्लुटामिनच्या इशाऱ्यावर चालू होतो. नत्र कमी, ग्लुटामिन कमी, तर निरोप पण कमी. भाताच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो, खालच्या पानाचा देठ सोलून बघा, तिळाएवढा पांढरा कोंब दिसेल, तोच पुढचा फुटवा. सायटोकायनिन पोचलं तर तो उठतो, नाही पोचलं तर तसाच बसून राहतो. त्या मधल्या चुडात मी चार पानं सोलून बघितली, चारही डोळे जागेवर होते, जिवंत, नुसते थांबलेले.

त्यांना थांबवून ठेवणारं एक दुसरं संजीवक पण आहे आणि त्याची गोष्ट मला कितीही वेळा सांगायला आवडेल. सोलापूरकडे ज्वारीवाल्यांना टारफुला माहितीच असतो, ज्वारीच्या मुळाला चिकटून जगणारं तण. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळ यजमान झाडाचं मूळ आल्याशिवाय उगवतच नाही. 1966 मध्ये अमेरिकेत कापसाच्या मुळांच्या पाण्यातून ते उगवायला लावणारं द्रव्य सापडलं, नाव पडलं स्ट्रायगॉल. पण झाड स्वतःच्याच चोराला हाक का मारेल, हे जवळजवळ चाळीस वर्षं कोडंच होतं. 2005 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही हाक मुळात मायकोरायझा बुरशीसाठी असते, जी मुळाला जमिनीतलं अन्न आणून देते, टारफुला फक्त मधल्यामध्ये ती ऐकतो. आणि 2008 मध्ये कळलं की याच कुळातली द्रव्यं, स्ट्रायगोलॅक्टोन म्हणतात त्यांना, झाडाच्या आत फांद्या आणि फुटवे रोखतात. स्फुरद कमी पडलं की ती वाढतात, आणि ज्वारी, भात यांच्यात नत्र कमी पडलं तरी वाढतात, भातात मुळं लांब करण्यातही त्यांचा हात आहे. म्हणजे एकच द्रव्य बाहेर मदत मागतं, आत खर्च थांबवतं आणि मुळांना लांब शोधायला पाठवतं. हलक्या, खत न पडलेल्या रानात टारफुला जास्त का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आता खालची पानं. पानातल्या नत्राचा साधारण तीन-चतुर्थांश भाग हरितलवकांमध्ये, म्हणजे पानातल्या हिरव्या कणांमध्ये, अडकलेला असतो, त्यात एकट्या रुबिस्को या प्रथिनाचा वाटा सगळ्यात मोठा. मुळांकडून येणारं सायटोकायनिन कमी झालं, सोबत ॲब्सिसिक ॲसिड आणि इथिलीन ही पान पिकवणारी संजीवकं वाढली, की जुनं पान आपली प्रथिनं मोडून अमिनो आम्लं करतं आणि ती नव्या पानाकडे, पुढे लोंबीकडे पाठवतं. पिवळेपणा म्हणजे हे घर आवरणं चाललंय. रोग नाही तो.

आणि टॉनिकचं उत्तर इथेच आहे. 1957 मध्ये रिचमंड आणि लँग या शास्त्रज्ञांनी तोडलेली पानं कायनेटिन नावाच्या सायटोकायनिनमध्ये ठेवली तर ती कितीतरी दिवस हिरवी राहिली. त्याच सुमारास जर्मनीत मोथेस यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली, पानाच्या एकाच भागावर कायनेटिन लावलं तर पानाच्या बाकीच्या भागातली अमिनो आम्लं ओढली जाऊन तिथे जमली. नीट विचार करा या प्रयोगाचा. नत्र वाढलं नाही, फक्त इकडचं तिकडे गेलं. उपाशी भातावर सायटोकायनिनवालं टॉनिक मारलंत तर झाडाला खोटा निरोप जातो की खाली माल आहे, खालचं पान लोंबीला द्यायचं ते धरून ठेवू शकतं, एखादा फुटवा उठेलही, पण त्याला खायला कुठून घालणार? हिरवं दिसतं आठ दिवस, मामाला बरं वाटतं, आणि दाणा भरायच्या वेळेला हिशोब उघडा पडतो. मला याचा मनापासून राग येतो कारण पैसे जातात ते आधीच अडचणीत असलेल्या माणसाचे. संजीवकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही हां, नाशिकचे द्राक्षवाले जिब्रेलिक ॲसिड आणि सहा-बीए (हे एक सायटोकायनिनच) ही संजीवकांची नावं रोजच्या बोलण्यात वापरतात आणि त्यांना मणी त्याशिवाय फुगणार नाहीत हे पक्कं माहिती असतं, पण तिथे वेलीला खाली पोटभर दिलेलं असतं.

एक प्रयोग सांगायचा मोह आवरत नाही. एकाच रोपाची मुळं दोन भागांत वाटायची, अर्धी नायट्रेटवाल्या पाण्यात, अर्धी बिननत्राच्या. शिकत असताना मी दोन बाटल्यांवर असं रोप आठवडाभर सांभाळलं होतं आणि रोज सकाळी आधी तेच बघायला जायचो. होतं काय, तर भरल्या बाटलीतली मुळं नेहमीपेक्षा जास्त जोरात नायट्रेट ओढायला लागतात, शेजारच्या उपाशी भावंडांच्या वाटचंही. पण त्यांना कळतं कसं? 2014 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठात याचं उत्तर मिळालं, मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपावर. उपाशी मुळं पंधरा अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड बनवतात, सेप त्याचं नाव, तो वर पानांकडे जातो, तिथे त्याचा स्वीकारणारा बसलेला असतो, आणि पानं तिथून दुसरा निरोप खाली पाठवतात, तो 2017 मध्ये सापडला, की ज्याच्याकडे आहे त्यानं जास्त ओढा. मुळापासून पानापर्यंत आणि परत मुळापर्यंत, एक चक्कर. चारसूत्री पद्धतीच्या भातात चार चुडांच्या मधे खोल एक ब्रिकेट, म्हणजे दाबलेल्या खताची गोळी, पुरतात तेव्हा मला हेच आठवतं, कारण तिथेही प्रत्येक चुडाच्या एकाच बाजूच्या मुळांना खत सापडतं आणि त्यावर सगळा चूड जगतो.

तर मग करायचं काय. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे 45 किलोच्या गोणीत साधारण 20.7 किलो. सगळी गोणी एकदम फेकू नका, हप्ते करा, आधी खाचरातलं पाणी उतरवा म्हणजे वाहून जाणार नाही, आणि फुटव्याच्या दिवसांतला हप्ता चुकवू नका, कारण तो काळ गेल्यावर उठलेला फुटवा बहुतेक वांझच राहतो. गोणी मिळेपर्यंत आठ दिवस थांबावं लागलं तरी भात मरत नाही, तो आपलं आवरून, मुळं लांब करून थांबतो. त्या वर्षी मामा थांबला. शेजारच्या गावातून अर्धी गोणी मिळाली, आणि आठवड्याभरात त्याच खाचरात मी पुन्हा देठ सोलून बघितला तर तिळाएवढा डोळा गव्हाच्या दाण्याएवढा होऊन हिरवा झाला होता.

हे सगळं पिवळेपणा खालून असेल तर. वरचं नवीन पान पिवळं आणि खालची हिरवी असतील तर ते लोहाचं किंवा गंधकाचं प्रकरण असू शकतं, तिथे युरियाचा उपयोग नाही. त्यामुळे आता फोन आला की मी सगळ्यात आधी विचारतो, मामा, पिवळं कुठलं पान, वरचं का खालचं? आणि तो चिखलात वाकून बघून सांगेपर्यंत मी फोन धरून थांबतो.