उभ्यानं खेळायच्या गोट्या

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पुतण्या बूट चढवत होता. आतून आईनं विचारलं, "आता कुठे रे?"

"पूलला चाललोय, आजी."

आई लगबगीनं दारात आली. वय पंच्याऐंशी, पण नातवाचं वेळी-अवेळी बाहेर जाणं म्हटलं की पायांना जोर येतो. "कुठल्या पुलावर? कृष्णपुऱ्याच्या? एवढ्या रात्री पुलावर काय काम असतं रे?"

त्यानं समजावून सांगितलं. हिरवं टेबल असतं, त्याला सहा भोकं असतात, काठीनं पांढरा बॉल मारायचा, तो दुसऱ्या बॉलला लागायचा आणि तो दुसरा भोकात पडायचा. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे गोट्याच की! गोट्या खेळायला विजयनगरपर्यंत जाता? वर पैसे देता?"

पुतण्याला ते लागलं. "आजी, गोट्या आता कोण खेळतं? पूल सगळं जग खेळतं." मी पेपरमागे तोंड लपवून बसलो होतो. निवृत्त माणसाला वाद मिळाला की दिवाळी असते; मी लगेच आईच्या बाजूनं उभा राहिलो. त्याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतण्यानं मला स्कूटरवर मागे बसवून पूल पार्लरमध्ये नेलं.

दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. अंधार, फक्त प्रत्येक टेबलावर खाली ओढलेला दिवा. काउंटरवरचा मुलगा वहीत वेळ लिहून घेतो, कारण इथं भाडं तासाच्या हिशेबानं. एका टेबलावरून "क्या भिया, गजब!" असा इंदुरी उद्गार आला तेव्हा जरा घरचं वाटलं. पुतण्यानं भिंतीवरच्या काठ्यांतली एक निवडून माझ्या हातात दिली, टोकाला निळा खडू घासला आणि म्हणाला, "काका, डावा हात टेबलावर ठेव. बोटांचा ब्रिज कर. काठी त्यावरून सरकली पाहिजे."

ब्रिज! म्हणजे आई अगदीच चुकली नव्हती. पूल होता तिथे, फक्त बोटांचा.

मी वाकलो, डावा हात कापडावर रोवला, उजव्यानं काठी मागे ओढली, एक डोळा मिटला आणि थबकलो. ही बैठक माझ्या ओळखीची होती. डावा हात जमिनीला, उजवा मागे खेचणारा, एक डोळा बंद, जीभ किंचित बाहेर. गोटी मारताना आम्ही डाव्या हाताचा अंगठा मातीत टेकायचो, मधल्या बोटाच्या पेरावर गोटी ठेवायचो आणि उजव्या हातानं ते बोट गलोलीसारखं मागे ताणायचो. पन्नास वर्षांत बदल एवढाच, की आता गुडघे टेकावे लागत नाहीत. माझ्या वयात ही सोय लहान नाही.

नेम मात्र बसला नाही. पंधरांपैकी सात बॉल एकरंगी, सात पट्ट्यांचे आणि एक काळा आठ नंबर. आपले सातही पाडल्याशिवाय त्या आठाला पाडायचं नाही, पाडला तर डाव हरलात. मी तिसऱ्याच फटक्यात आठ नंबर पाडला. पुतण्याचे मित्र सभ्य होते, हसले नाहीत. "हारेल तो टेबल भरेल" असा तिथला रिवाज आहे, तेव्हा टेबलाचं भाडं मी भरलं. या भाड्याचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

हरलेला माणूस घरी येऊन वाचायला बसतो. मला जे सापडलं त्यानं आईची बाजू आणखी भक्कम झाली. पूल, बिलियर्ड्स आणि स्नूकर हे सगळं कुटुंब मुळात अंगणातलंच. युरोपात गवतावर, लाकडी दांड्यानं चेंडू ढकलत खेळायचा एक खेळ होता. पाऊस आणि थंडी चुकवायला तो घरात आला आणि टेबलावर चढला. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुई राजानं असं टेबल करवून घेतलं होतं म्हणतात. टेबलावर हिरवं कापड का, तर ते गवत आहे. लोक घरात आले आणि येताना हिरवळीचा तुकडा बरोबर घेऊन आले. सुरुवातीला चेंडू जाड डोक्याच्या दांड्यानं ढकलत. कडेला चिकटलेला चेंडू त्या डोक्यानं मारता येईना, म्हणून दांडा उलटा करून शेपटाकडून मारू लागले. 'क्यू' म्हणजे फ्रेंचमध्ये शेपूट. आणि 'पूल' म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेली पैज. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांवर पैसे लावायचे अड्डे होते, त्यांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मध्ये गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून तिथे बिलियर्डची टेबलं मांडली आणि अड्ड्याचं नाव खेळाला चिकटलं. तिथल्या आयाही मुलांना "तिकडे फिरकलास तर बघ" म्हणत असणार. आमच्याकडे हेच वाक्य गोट्यांसाठी राखीव होतं.

स्नूकर तर आपल्या मध्य प्रदेशातलं. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत, पावसाळ्यात कंटाळलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकानं (पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला तो हा नव्हे) बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून नवा डाव मांडला. लष्करी शाळेतल्या नवख्या पोरांना चिडवायचा शब्द होता 'स्नूकर'. एकाचा फटका हुकला तसं त्याला तो शब्द ऐकवला आणि तेच खेळाचं नाव झालं. तेव्हा जबलपूर इंग्रजांकडे आणि इंदूर होळकरांकडे, त्यामुळे 'आपल्या' म्हणणं जरा ओढूनताणूनच. पण पुतण्याला हे सांगताना मी जबलपूर थेट देवासच्या शेजारी आणून ठेवलं.

खरं घबाड पुढेच होतं. आम्ही इंदूरची मराठी माणसं एकाच वस्तूला तीन नावांनी ओळखतो. घरात गोट्या, गल्लीत अंटी, शाळेच्या हिंदी पुस्तकात कंचे. जमिनीतला खड्डा रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या आत 'गल' आणि फाटकाबाहेर 'गुच्ची'. तर जुन्या हिंदी शब्दकोशात 'अंटाघर' असा शब्द आहे. अंटा म्हणजे मोठी गोटी, आणि अंटाघर म्हणजे साहेबांची बिलियर्ड खेळायची खोली. ढाक्याला आर्मेनियन व्यापाऱ्यांचा बिलियर्डचा क्लब होता, त्याच्या पुढच्या पटांगणाचं नावच अंटाघर मैदान पडलं होतं. खिडकीतून डोकावणाऱ्या कुणा खानसाम्यानं किंवा पंखेवाल्यानं साहेबांची ती झुकलेली पाठ पाहिली असेल आणि मनात म्हटलं असेल, हे तर अंटी खेळताहेत! माझ्या आईनं नातवाला जे ऐकवलं ते हिंदी कोशात आधीच नोंदलेलं होतं.

हे ऐकवल्यावर पुतण्या म्हणाला, "शब्द जाऊ दे. लोकप्रियतेचं बोल." त्यानं बिलियर्ड्सचा जगज्जेता पंकज अडवाणीचं नाव काढलं. मी त्याला विल्सन जोन्स सांगितले. पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि तोवर कुठल्याच खेळात एकाही भारतीयाला ते मिळालं नव्हतं. हे सांगून मी स्वतःचीच बाजू कच्ची केली, हे बोलून झाल्यावर कळलं. मग सावरून घ्यायला इंग्लंडातलं टिन्स्ली ग्रीन काढलं. ससेक्समधल्या या गावात १९३२पासून गुड फ्रायडेला गोट्यांची जागतिक स्पर्धा भरते. सहा फुटांचं रिंगण, आत ४९ गोट्या, ज्यांनी आधी पंचवीस बाहेर काढल्या ते जिंकले. पुतण्यानं मोबाइलवर फोटो पाहिले. पोक्त, पोट सुटलेले इंग्रज गुडघ्यांवर बसून अंगठ्यानं गोटी उडवताहेत. "काका, हे तुझ्यासारखेच दिसतात," एवढीच त्याची टिप्पणी.

पण लोकप्रियता मोजायची कशानं? त्याचं माप पार्लर आणि पदकं. माझं माप भाषा आहे. वैतागलेला मराठी साहेब विचारतो, "मी इथे काय गोट्या खेळायला बसलोय?" पूल खेळायला बसलोय, असं कुठलाही साहेब म्हणत नाही. जो खेळ इतका सगळ्यांचा, इतका फुकटचा, की रिकामपणाचं दुसरं नावच होऊन बसला, त्याच्या खेळाडूंची नोंद कोण आणि कशाला ठेवेल? पूलच्या टेबलात दगडी पाटाचा भार असतो, वर कापड ताणून बसवलेलं असतं, कडेला रबर. एके काळी त्याचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि एका सुळ्यातून जेमतेम चार-पाच निघत. हत्ती पुरेनात तेव्हा १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या एका कारखानदारानं पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. त्या नादात जॉन वेस्ली हयातनं सेल्युलॉइड आणलं, ज्याच्या पुढे सिनेमाच्या फिती झाल्या. आमच्या खेळाला हत्ती लागला नाही. सोड्याची बाटली फुटली की पुरे. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी बसवायची युक्ती काढली ती सोड्यातला वायू कोंडून ठेवायला, पण आमच्या समजुतीप्रमाणे रामबागेतल्या पोरांसाठी. ती फिकट हिरवी गोटी ज्याच्याकडे, तो त्या आठवड्याचा संस्थानिक.

गल खणायला टाच पुरायची. टाच मातीत रोवून गर्रकन फिरायचं, की झाली गल. आणि मोजणी एक-दोन-तीन अशी अळणी नसायची. एक्कल खाजा, दुब्बी राजा, तिराण भोजा, चारी चौकडा, पंची पांडव... आजोबांच्या पिढीनं दक्षिणेतून येताना भांड्याकुंड्यांबरोबर हेही आणलं असावं. गल्लीतली माळवी पोरं ते आमच्याहून खणखणीत म्हणत. अर्थ त्यांना कळत नसे, आम्हालाही नाही. समोरून नेमकी टिपली तर दुसऱ्याची गोटी उडून जायची आणि आपली तिच्या जागी थबकायची. दोन्हींचं वजन सारखं असलं की असं होतं, हे पुढे कॉलेजात फळ्यावर शिकवलं तेव्हा मी वर्गात उगाचच मान डोलावली होती. पार्लरमध्ये पुतण्यानं तोच फटका मारला, पांढरा बॉल जागच्या जागी थांबवला आणि त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं.

गोट्या गेल्या त्या पूलमुळे मात्र नाही. तो आळ मी घेत नाही. माती गेली म्हणून गेल्या. आमचं इंदूर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं, आणि पुढे कित्येक वर्षं पहिलंच राहिलं. पहिल्यांदा नंबर आला तेव्हा मीच गल्लीत पोहे-जलेबी वाटली होती, जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा आमचा मसाला, सढळ हातानं भुरभुरून. पण गल्ली सिमेंटची झाली, चौकात फरशा बसल्या, फाटकापर्यंत पेव्हर ब्लॉक आले. सिमेंटवर गोटी थांबत नाही, टणाटणा उड्या मारत नाल्याच्या जाळीत जाते. धूळ तिला धरून ठेवायची, वेग खायची. टेबलावरचं कापड जे काम करतं तेच आमची धूळ करत होती, आणि ती तर आता रोज पहाटे झाडून नेतात.

आमच्या परसात सीताफळाच्या झाडाखाली चटईएवढी माती उरली आहे. तिथे फरशी घालू द्यायला आईनं साफ नकार दिला होता. गेल्या रविवारी पुतण्या राजवाड्याजवळून वीस गोट्या घेऊन आला. "चल काका, होऊन जाऊ दे." मी विचारलं, "खोटं-खोटं की खरं-खरं?" खरं-खरं म्हणजे जिंकलेली गोटी परत मिळत नाही. तो तोऱ्यात म्हणाला, "खरं-खरं." मी पाच उसन्या घेतल्या. टाच फिरवायला गेलो तर कंबर धरली, तेव्हा गल त्यानं केली, तीही वेडीवाकडी. बसायला मला मात्र आईची मोरीतली चौकी लागली. तो सवयीनं पोटावर आडवा झाला, एक डोळा मिटला, काठी नाही हे लक्षात येऊन गोंधळला, आणि त्याची गोटी सीताफळाच्या बुंध्याला लागून भलतीकडे गेली.

तासाभरात माझ्याकडे सतरा झाल्या. मी मोठ्यानं मोजत होतो आणि पंची पांडवनंतर अडलो. मागच्या ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या आईनं मान वर न करता म्हटलं, "सय्या दांडव." तिनं जन्मात गोटी हातात धरली नव्हती, ती सागरगोट्यांतली. पण तीन मुलं परसात वाढवली की पाठ होतंच.

संध्याकाळी पुतण्या गोट्या मागायला आला. मी त्याला टेबलाच्या भाड्याची आठवण करून दिली. "काका, त्या दिवशी तू हरला होतास!" तो म्हणाला. मी म्हटलं, "आणि आज तू." आईनं मध्ये पडून "अरे, लहान आहे तो, देऊन टाक" असं दोनदा सांगितलं. गोट्या माझ्या कपाटात, चष्म्याच्या जुन्या डबीत आहेत. उरल्या त्या काही डबीत मावत नाहीत म्हणून मोज्यात बांधून ठेवल्यात.