आधी मशीन पुसून घे
कराडकडच्या आमच्या गावात साखळीवर चालणाऱ्या, खोदकाम करणाऱ्या प्रत्येक यंत्राला, ते कोणत्याही कंपनीचे असो, 'पोकलेन'च म्हणतात. हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव आहे, ही गोष्ट आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे वर्ष पूर्ण करून मी एका खडी क्रशरवर हेल्पर म्हणून लागल्यावरच मला समजली.

इंजिन खोलणे, टॅपेट लावणे, नोझल तपासणे हे आयटीआयमध्ये शिकलो होतो आणि तो पाया आजही उपयोगी पडतो. मात्र पोकलेनमध्ये इंजिनाचे मुख्य काम पंप फिरवण्याचे असते. दगड उचलतो तो पंपाने दाबलेल्या ऑइलच्या जोरावर. मोटारीच्या चाकात साधारण 2 बार हवा असते, तर वीस टनी यंत्राच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हा दाब 350 बारच्या आसपास जातो. होजला, म्हणजे ऑइलच्या रबरी नळीला, टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले, तरी त्यातून उडणारी धार कातडी भेदून आत शिरते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणून गळती हाताने चाचपायची नसते, पुठ्ठा फिरवून पाहायची असते. आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात पाना न देता पुठ्ठ्याचा तुकडा दिला होता. त्या वेळी मला तो अपमान वाटला.

पुढे एका यंत्राचा बूम, म्हणजे बकेट उचलणारा मोठा हात, लिव्हर सोडल्यावरही हळूहळू खाली बसू लागला. पंप गेला असावा, असे मी ठामपणे सांगितले. मिस्त्रींनी विचारले, "बाकीच्या हालचाली कशा आहेत?" त्या सगळ्या ठणठणीत होत्या. सगळेच यंत्र मंद झाले असेल, तर पंप, फिल्टर किंवा मेन रिलीफ व्हॉल्व्हकडे (जादा दाब सोडणाऱ्या झडपेकडे) पाहायचे. एकच हालचाल बिघडली असेल, तर त्या सिलिंडरकडे किंवा त्याच्या व्हॉल्व्हकडे, एवढा साधा हिशेब मी केला नव्हता. दोष सिलिंडरच्या पिस्टन सीलमध्ये निघाला.

बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर हलवून उरलेला दाब आम्ही सोडला. मी होज सोडवायला वाकलो, तोच मिस्त्री म्हणाले, "आधी मशीन पुसून घे की लेका." मी वरवर पुसले आणि सोडवलेल्या होजच्या तोंडांना प्लग लावायचे विसरलो. क्रशरवर धुळीला काय तोटा! सील किट बदलून झाले, पण दुसऱ्या दिवशी कंट्रोल व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे ऑइलला वाट देणारा सरकता दांडा, अडकला. केसाची जाडी सुमारे 70 मायक्रॉन धरली, तर स्पूल आणि त्याच्या घरातली फट केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. तिथे चिमूटभर धूळही फार होते. यंत्र आणखी एक दिवस उभे राहिले आणि मालकासमोर मिस्त्रींनी माझे नाव घेतले नाही.

2021 पासून चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना धुराच्या प्रदूषणाचे सीईव्ही स्टेज 4 हे नियम लागू झाल्यामुळे नव्या यंत्रांत कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणारी) इंजिन आणि सेन्सर वाढले आहेत, त्यामुळे मल्टीमीटर आणि लॅपटॉपशिवाय भागत नाही. सध्या मी तेच शिकतो आहे. ऊस तोडणीच्या हंगामात हार्वेस्टरची कामेही येतात. पाचटाच्या भुशाने माखलेले ते यंत्र पुसण्यातच पहिला अर्धा तास जातो.