गुळाची गोडी पेशीला कशी कळते

आम्हा कोल्हापूरकरांच्या जिभेवर गुळाचा खडा विरघळू लागला की त्यातील सुक्रोजचे, म्हणजे साखरेचे, रेणू चव-पेशींवरील गोड चवीच्या ग्राहीला, म्हणजे ठरावीक रेणू ओळखणाऱ्या प्रथिन-रचनेला, जाऊन बसतात. संदेश देण्यासाठी त्यांना पेशीच्या आत शिरावेही लागत नाही, आणि मला यातले खरे नवल तेच वाटते. टी१आर२ व टी१आर३ या दोन प्रथिनांच्या जोडीने बनलेल्या या ग्राहीचा बाहेरचा भाग रेणूभोवती मिटतो, तो बदल पेशीपटल सात वेळा ओलांडणाऱ्या साखळ्यांमधून आत पोहोचतो आणि तिथले जी-प्रथिन, म्हणजे संदेश पुढे नेणारे प्रथिन, जीडीपी हा रेणू सोडून जीटीपी हा रेणू धरते, म्हणजेच जागे होते. पुढे पेशीत कॅल्शियम वाढते. अशाच ग्राहींवरील संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोवित्झ आणि ब्रायन कोबिल्का या शास्त्रज्ञांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तांबड्या रश्शाचा तिखटपणा मात्र या वाटेने येत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हा तिखट रेणू थेट आयन-वाहिनीच, म्हणजे पेशीपटलातील विद्युतभारित कणांची वाटच, उघडतो.